शंखी गोगलगाय: पीक वाचवताना देवराईतल्या देशी गोगलगायींचे काय?

पायथा_आजरा यांचा प्रश्न

नमस्कार. आमचे गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या आजरा तालुक्यात, आंबोलीकडे जाणाऱ्या डोंगररांगेच्या पायथ्याला आहे. खाली भात आणि थोडे सोयाबीन, बांधावर काजू, आणि शेताच्या वरच्या अंगाला ओढा ओलांडला की गावाची देवराई लागते. गेल्या काही पावसाळ्यांपासून गावात आफ्रिकन शंखी गोगलगायी दिसू लागल्या आहेत. बाहेरच्या एका रोपवाटिकेतून शोभेची झाडे कुंड्यांसकट आणली गेली, त्या घराच्या परसात त्या प्रथम दिसल्या. आता रस्त्याकडेची बहुतेक परसे, शाळेचे कुंपण आणि सोयाबीनची काही शेते त्यांनी व्यापली आहेत. मागच्या खरिपात नुकतेच उगवलेले सोयाबीन रातोरात खाल्ले गेले. पपई, झेंडू आणि दोडक्याच्या वेलांची गत तर विचारूच नये.

यंदा ग्रामसभेत असा विचार चालला आहे की वर्गणी काढून विषारी गोळ्या आणाव्यात आणि पहिला पाऊस पडताच परसे, बांध, ओढ्याचे दोन्ही काठ आणि देवराईची कड अशा सगळ्या पट्ट्यात एकाच वेळी टाकाव्यात. माझा औषधाला सरसकट विरोध नाही, कारण ज्याचे पीक गेले आहे त्याला धीर धरा असे सांगणे मला शोभणार नाही. परंतु देवराईत पावसाळ्यात चपट्या शंखाच्या, काही नखाएवढ्या, काही शंख पाठीवर नावापुरताच असलेल्या अशा कितीतरी गोगलगायी आम्ही वाडवडिलांपासून पाहत आलो आहोत आणि त्यांनी पीक खाल्ल्याची तक्रार कोणी केलेली नाही. या गोळ्यांनी त्याही मरतील का? परकी गोगलगाय, विशेषतः तिची पिल्ले, देशी गोगलगायींपासून वेगळी कशी ओळखावी? आणि ही परकी गोगलगाय खरोखरच जंगलात शिरून तिथल्या जीवांना हुसकावते, की तिचा उपद्रव शेत आणि परसापुरताच आहे? ग्रामसभेत बोलायचे तर हाताशी नेमकी माहिती हवी, म्हणून जाणकारांना विचारतो आहे.

निवृत्त_कृषीविस्तार

मी मराठवाड्यात कृषी विस्ताराचे काम केले आहे, त्यामुळे प्रश्नाच्या शेताच्या बाजूबद्दल लिहितो. जंगलाबद्दल इतरांनी लिहावे.

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनचा फडशा पाडला, अनेकांना दुबार पेरणी करावी लागली आणि शेवटी राज्य सरकारला त्यासाठी नुकसानभरपाई द्यावी लागली. त्या वर्षी बहुतेकांचा समज असा होता की ही कीड अचानक कुठून तरी आली. प्रत्यक्षात ती आधीपासून बांधांत, दगडांच्या ढिगांत, विहिरींच्या कडेला आणि ऊस-फळबागांच्या ओलीत वाढत होती. उन्हाळ्यात ही गोगलगाय जमिनीत किंवा भेगेत शिरते, शंखाचे तोंड पातळ पापुद्र्याने बंद करून घेते आणि महिनोन्महिने न खाता पडून राहते. पहिला चांगला पाऊस झाला की ती बाहेर येते, आणि नेमक्या त्याच वेळी सोयाबीन दोन दलांवर, म्हणजे बियातून निघालेल्या पहिल्या दोन जाड पानांवर असते. दलांसह शेंडा खाल्ला गेला की ते रोप पुन्हा फुटत नाही. पुढे झाडाला भरपूर पाने आली की थोडे खाल्ले तरी ते तग धरते. याचा अर्थ खरी लढाई उगवणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांची आहे, आणि श्रावणात ढीगभर गोगलगायी वेचण्याचे समाधान मोठे असले तरी त्या वर्षीच्या पिकाला त्याचा उपयोग थोडा.

दुसरी गोष्ट तिच्या प्रजननाची. ही उभयलिंगी असते, त्यामुळे मीलनानंतर जोडीतली प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते, आणि एकदा मिळालेले शुक्राणू साठवून ठेवून पुढे अनेक महिने फलित अंडी देऊ शकते. भुसभुशीत मातीत एका खेपेला साधारण शंभर ते चारशे अंडी असतात. ती पांढरट पिवळी, साबुदाण्याएवढी दिसतात. वर्षातून अशा अनेक खेपा होतात. म्हणून पहिल्या पावसानंतर बाहेर आलेली मोठी गोगलगाय अंडी घालण्यापूर्वी उचलणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी बांधाकडेने आणि परसात जागोजाग अंथरावे, पहाटे उलटून खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून किंवा चिमट्याने उचलाव्यात, मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्यात टाकाव्यात आणि मेल्यानंतर खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात. बांधावरचे गवत, लाकडांचे ढीग, फुटक्या कौलांचे थर हे तिचे दिवसाचे निवारे आहेत, ते पावसाआधी हलवावेत. शाळेच्या कुंपणावर त्या जमतात यात नवल नाही: शंख वाढवायला कॅल्शियम लागते आणि चुना लावलेली किंवा सिमेंटची भिंत त्या खरवडून खातात. त्या भिंतीजवळ रात्री विजेरी घेऊन गेलात तर वेचण्याचे निम्मे काम तिथेच होईल.

आता गोळ्यांबद्दल. आपल्याकडे गोगलगायींसाठी मुख्यतः मेटाल्डिहाईडच्या आमिषगोळ्या वापरल्या जातात. हे रसायन खाल्ले की गोगलगाय भरमसाट चिकटा सोडते, शरीरातले पाणी गमावते आणि वाळून मरते. यातच त्याची मर्यादा आहे. हवा दमट आणि पाऊस लागलेला असेल, तर अर्धवट विषबाधा झालेली गोगलगाय पाणी शोषून पुन्हा सावरू शकते. लातूरला पहिल्या पावसानंतर उघडीप मिळते, तेव्हा या गोळ्या काम करतात. आजऱ्यात जून संपत आला की झड लागते. तिथे त्याच गोळ्या रात्रीत विरघळून ओढ्याला जातील आणि वर्गणीचे पैसेही त्यांच्याबरोबर वाहून जातील. बांधावर चुन्याची पट्टी ओढण्याचेही तसेच आहे: कोरडी असेतो ती अडवते, ओली झाली की नाही. मराठवाड्यासाठी तयार झालेली शिफारस घाटमाथ्याच्या पावसात जशीच्या तशी चालवू नका, एवढे मी अनुभवावरून खात्रीने सांगेन. शिवाय या गोळ्या कुत्री आवडीने खातात आणि त्यांना ती विषबाधा प्राणघातक ठरते; परसात कोंबड्या आणि लहान मुलेही असतात. ब्रिटनने मेटाल्डिहाईडचा उघड्यावरचा वापर २०२२ मध्ये बंद केला, त्यामागे वन्य पक्षी आणि सस्तन प्राणी यांना असलेला धोका हेच कारण होते.

पालापाचोळा

मी सह्याद्रीतल्या भूचर गोगलगायींची नोंद ठेवणारा हौशी अभ्यासक आहे. तुमच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर सरळ आहे: होय, मरतील. आमिषगोळीला देशी आणि परकी असा भेद कळत नाही. भुकेली, ओलीत फिरणारी, वास घेत येणारी कोणतीही गोगलगाय ती खाते. उलट, परकी गोगलगाय आकाराने मोठी असल्यामुळे कमी मात्रेतून वाचण्याची शक्यता तिचीच जास्त, आणि नखाएवढ्या देशी गोगलगायीला एक कणही पुरेसा होतो.

हे नुकसान किती मोठे ठरेल, हे समजण्यासाठी पश्चिम घाटाची पार्श्वभूमी लक्षात घ्यावी लागते. या डोंगररांगेत भूचर गोगलगायींच्या अडीचशेहून अधिक प्रजाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य जगात दुसरीकडे कुठेही आढळत नाहीत. गोगलगाय दूर जात नाही. एक नदी, एक कोरडे पठार किंवा एक रुंद रस्ता तिला पिढ्यान्‌पिढ्या अडवून ठेवतो, म्हणून एखादी प्रजाती दोन-चार डोंगरांपुरतीच मर्यादित असणे ही त्यांच्यात नेहमीची गोष्ट आहे. तुमच्या शेजारचे उदाहरण घ्या. ज्यांचा शंख पाठीवर नावापुरता असतो, अशा अर्धशंखी गोगलगायींची 'वराडिया' ही संपूर्ण नवी जात, म्हणजे नुसती प्रजाती नव्हे तर तिच्यावरची पातळी, २०२१ मध्ये विज्ञानाला ज्ञात झाली आणि तिच्या प्रजातीचे नाव आंबोलीवरून 'आंबोलिएन्सिस' असे ठेवले गेले. लोकांच्या पायाखाली, वर्दळीच्या घाटात, ती इतकी वर्षे होती. तुमच्या देवराईत काय आहे याची यादी कोणी केलेली नसणार, आणि यादी होण्यापूर्वीच तिथे विष टाकण्याचा विचार चालला आहे.

ओळखीचे सांगतो. पूर्ण वाढलेल्या शंखी गोगलगायीबद्दल गोंधळ होण्याचे कारण नाही. तिचा शंख उंच, शंकूसारखा, टोकाला निमुळता, सात ते नऊ वेढ्यांचा असतो. तांबूस तपकिरी रंगावर वरून खाली जाणारे अनियमित गडद पट्टे असतात. लांबी सहज बोटाएवढी होते आणि क्वचित वीस सेंटिमीटरपर्यंत जाते. सह्याद्रीतल्या नेहमी दिसणाऱ्या मोठ्या देशी गोगलगायींचा शंख याउलट बसका आणि गोल असतो. एरिओफँटा कुळातली एक प्रजाती तर डावखुरी आहे: शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरले तर उघडी बाजू डावीकडे येते. शंखी गोगलगाय जवळजवळ नेहमी उजवी असते. म्हणून ग्रामस्थांना एकच साधा नियम सांगावा, की बसका शंख उचलायचा नाही, उंच पट्टेदार शंख उचलायचा.

पिल्लांच्या बाबतीत मात्र हा नियम फसवा आहे, आणि इथे घाई करू नये. आपल्याकडे ग्लेसुला नावाच्या देशी गोगलगायी पालापाचोळ्यात विपुल असतात. त्यांचा शंखही उंच आणि शंकूसारखाच, पण तो लहानच राहतो, काचेसारखा चकाकतो आणि बहुधा एकरंगी तपकिरी असतो. शंखी गोगलगायीचे पिल्लू निस्तेज असते आणि त्यावर लवकरच फटकारे उमटू लागतात. तरीही एक सेंटिमीटरच्या आतल्या कोणत्याही उंच शंखाच्या गोगलगायीला देवराईच्या हद्दीत हात लावू नये, असे मी सुचवेन. परसात आणि शेतात तीच पिल्ले शेकड्यांनी एकत्र सापडली, तर ती कोणाची याबद्दल शंका उरत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि त्यावर जी ठाम विधाने ऐकू येतात त्यांपैकी बरीच पुराव्याच्या पुढे धावतात. ही पूर्व आफ्रिकेतली गोगलगाय मॉरिशसमार्गे भारतात आली. शंखांचा अभ्यासक बेन्सन याने १८४७ मध्ये मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कलकत्त्यात चौरंगीतल्या एका बागेत सोडल्या गेल्या आणि तिथून तिचा प्रवास सुरू झाला. म्हणजे ती या देशात पावणेदोनशे वर्षे आहे. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परकी जीवांच्या यादीत तिचे नाव आहे. तरीही ती सर्वाधिक फोफावते ती माणसाने हलवलेल्या जागेत: परस, नर्सरी, फळबाग, कचऱ्याचे ढीग, रस्त्याच्या कडा, तोडलेल्या जंगलाची किनार. दाट, न हललेल्या जंगलात तिची घनता सहसा कमी असते. याचा अर्थ देवराई सुरक्षित आहे असा नव्हे. देवराई लहान असते, तिची कड लांब असते आणि तिच्यातून पायवाट गेली, बांधकाम झाले किंवा शोभेची झाडे लावली गेली की ती कडच आत सरकते. अशा ठिकाणी कुजणारा पाला, कॅल्शियम आणि निवारा यांसाठी परकी आणि देशी गोगलगाय समोरासमोर येतात, आणि जी वर्षाला शेकडो अंडी देते ती जिंकण्याची शक्यता अधिक. पण जगभरात या गोगलगायीच्या निमित्ताने देशी गोगलगायींचा जो सर्वांत मोठा संहार झाला, तो तिने केलेला नाही. तिच्यावर माणसाने केलेल्या उपायांनी केला आहे. हे ग्रामसभेत जरूर सांगा.

जाता जाता एक भर घालतो. काजव्यांच्या अळ्या गोगलगायी खाऊन वाढतात. ज्या ओढ्याकाठी तुम्ही विष टाकाल, तिथल्या काजव्यांचे अन्नही त्यातच संपेल. देशी म्हणजे निरुपद्रवी असे मात्र समजू नये. आपल्याच क्रिप्टोझोना जातीतल्या काही गोगलगायी भाजीपाल्याचे नुकसान करतात. परंतु त्यांना आवर घालणारे भक्षक इथेच त्यांच्याबरोबर वाढलेले आहेत.

बांधकरी

विष नको आणि वेचायला माणसे मिळत नाहीत, मग निसर्गाचाच उपाय का करू नये? गोगलगाय खाणारी गोगलगाय असते असे मी वाचले आहे. ती आणून सोडली तर खर्च एकदाच, आणि पुढचे काम ती करील. नाहीतर बदके पाळावीत. आमच्याकडे भारद्वाज पक्षी शंखी गोगलगाय फोडून खाताना मी स्वतः पाहिला आहे.

पालापाचोळा

भारद्वाज ती खातो हे खरे आहे, आणि परसातली झुडपे राखली तर तो आपोआप येईल. बदके बंदिस्त परसात ठीक. ओढ्यात आणि देवराईच्या कडेला सोडलीत तर ती आधी लहान देशी गोगलगायी टिपतील, कारण मोठी शंखी गोगलगाय त्यांच्या गळ्याखाली उतरत नाही.

गोगलगाय खाणाऱ्या गोगलगायीची कल्पना मात्र कृपा करून मनातही आणू नका. वर मी ज्या संहाराचा उल्लेख केला तो याच कल्पनेतून झाला. फ्लोरिडाकडची युग्लॅंडिना रोझिया ही गुलाबी शिकारी गोगलगाय शंखी गोगलगायीला आवर घालण्यासाठी १९५५ मध्ये हवाई बेटांवर सोडली गेली, १९७४ मध्ये ताहितीवर आणि १९७७ मध्ये शेजारच्या मोरेआ बेटावर. तिने शंखी गोगलगायींचा बंदोबस्त केला नाही. मोठ्या, जाड शंखाच्या सावजापेक्षा लहान सावज सोपे, म्हणून ती झाडांवरच्या नाजूक देशी गोगलगायींच्या मागे लागली. चिकट्याचा माग काढत ती झाडावरही चढते. मोरेआवर पार्टुला नावाच्या देशी गोगलगायींच्या सात प्रजाती होत्या. तिथल्या लोकांच्या माळांमध्ये त्यांचे शंख ओवले जात, आणि एकाच बेटाच्या वेगवेगळ्या दऱ्यांमध्ये प्रजाती कशा घडतात याचा अभ्यास विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्यांच्यावर चालू होता. दहा वर्षांच्या आसपास त्या साऱ्या रानातून नाहीशा झाल्या. ज्या काही शास्त्रज्ञांनी वेळेवर डब्यांत भरून नेल्या होत्या, त्यांचीच संतती लंडन, एडिंबरा, सेंट लुई अशा प्राणिसंग्रहालयांत टिकली. २०१५ पासून त्या बेटांवर पुन्हा सोडल्या जात आहेत, आणि २०२४ मध्ये त्यांतल्या एका प्रजातीची रानातच जन्मलेली प्रौढ गोगलगाय मोरेआवर सापडली. जवळजवळ चार दशके, अनेक देशांतली प्राणिसंग्रहालये आणि काचपेट्यांत वाढवलेल्या पिढ्या खर्चून मिळालेले हे यश आहे. हवाईत झाडावरच्या अकॅटिनेला गोगलगायींच्या एका प्रजातीचा शेवटचा ज्ञात जीव, ज्याला सांभाळणारे जॉर्ज म्हणत, १ जानेवारी २०१९ रोजी मरण पावला आणि ती प्रजाती संपली. तिथे अर्थात उंदीर आणि अधिवासाचा नाश ही कारणेही होती. पण शिकारी गोगलगाय ही मुद्दाम, सरकारी निर्णयाने, शेतीच्या भल्यासाठी आणलेली होती.

दूरदेशी_फ्लोरिडा

मी मूळची सांगलीची, सध्या फ्लोरिडात राहते. इथल्या अनुभवातून एक मुद्दा जोडावासा वाटतो.

फ्लोरिडाने ही गोगलगाय एकदा नव्हे, दोनदा समूळ काढली आहे. १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी खिशातून मायामीला आणल्या आणि त्याच्या आजीने त्या बागेत सोडून दिल्या; सात वर्षांत अठरा हजारांहून अधिक सापडल्या, आणि त्या काढायला सुमारे दहा लाख डॉलर खर्च झाले. दुसऱ्यांदा त्या २०११ मध्ये मायामी-डेड भागात आढळल्या. तेव्हा दहा वर्षे मोहीम चालली, एक लाख अडुसष्ट हजारांहून अधिक गोगलगायी गोळा झाल्या, शेवटची २०१७ च्या डिसेंबरात सापडली आणि त्यानंतर आणखी काही वर्षे शोध घेऊन मगच २०२१ मध्ये त्या संपल्याचे जाहीर झाले. लॅब्रॅडॉर कुत्र्यांना वासावरून गोगलगाय शोधण्याचे शिक्षण दिले होते. हे सगळे होऊन लगेच २०२२ मध्ये पास्को परगण्यात त्या पुन्हा निघाल्या.

यातून मला जे दिसते ते असे: आमिषे इथेही वापरली, पण त्यांच्या जोडीला बाधित भागातून माती, रोपे, कंपोस्ट आणि पालापाचोळा बाहेर नेण्यावर कायद्याने बंदी होती, आणि घराघरात शिरून वेचणारी पगारी माणसे होती. नुसत्या गोळ्यांनी मोहीम यशस्वी झाली असे कोणी म्हणत नाही. तुमच्या गावात "मूळ उपटणे" शक्य आहे का, याबद्दल मला शंका आहे, कारण शेजारच्या गावांत आणि वाटेवरच्या रोपवाटिकांत त्या असतील तर त्या परत येतील. ग्रामसभेने समूळ उच्चाटनाचे ध्येय न ठेवता त्या देवराईत शिरू नयेत आणि पेरणीच्या काळात शेतात कमी राहाव्यात, एवढे मर्यादित उद्दिष्ट ठेवले तर ते गाठता येईल.

पायथा_आजरा

सर्वांचे आभार. ग्रामसभेत मांडण्यासाठी मी असा बेत करतो आहे: गावाभोवती दोन पट्टे मानायचे. परसे, शाळा आणि शेते या पट्ट्यात पहिल्या पावसापासून तीन आठवडे रोज पहाटे गोणपाट आणि रात्री विजेरीने वेचणी. माणसे मिळत नाहीत ही अडचण खरी आहे, म्हणून औषधासाठी निघणारी वर्गणी वेचणाऱ्यांना वजनावर मजुरी देण्यासाठी वापरायची. ओढ्यापासून वर देवराईपर्यंत कोणतेही औषध, मीठ वा मोरचूद नाही, तिथे फक्त मोठ्या पट्टेदार गोगलगायी हाताने काढायच्या. वजनावर मजुरी दिली तर लोक देशी गोगलगायीही पिशवीत भरतील का, ही एक काळजी आहे. दुसरे म्हणजे शाळेची मुले वेचणीत घ्यावीत असे मुख्याध्यापकांचे म्हणणे आहे. ते योग्य ठरेल का?

ग्रामीण_वैद्यक

मुलांच्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर म्हणून देतो. शंखी गोगलगाय उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका कृमीची वाहक असते. त्या कृमीच्या अळ्या उंदराच्या विष्ठेतून गोगलगायीत जातात, आणि कच्ची किंवा अर्धवट शिजलेली गोगलगाय, किंवा तिचे बारीक पिल्लू चिकटलेली न धुतलेली पालेभाजी खाण्यात आली तर माणसाच्या शरीरात शिरून मेंदूच्या आवरणाला दाह करू शकतात. तीव्र डोकेदुखी, मान आखडणे, उलट्या, अंगावर मुंग्या आल्यासारखे वाटणे अशी लक्षणे दिसतात आणि लहान मुलांमध्ये आजार गंभीर होऊ शकतो. केरळात असे रुग्ण आढळले आहेत. नुसत्या स्पर्शाने हा आजार होत नाही. धोका आहे तो हात तोंडाला जाण्याचा. त्यामुळे लहान मुलांना वेचणीत घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्यांनीही हातमोजे घालावेत, ते नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातावर चढवावी, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. शाळेला सहभाग हवाच असेल तर मुलांनी दुरून मोजणी करावी. बाधित परसातली कोथिंबीर, मेथी, कांद्याची पात पाने सुटी करून वाहत्या पाण्यात धुवावी. कोशिंबिरीसाठी कच्ची वापरताना विशेष काळजी घ्यावी. गोगलगायी दगडाने ठेचण्याची सवय अनेकांना आहे, ती टाळलेली बरी, कारण ते अवशेष उंदीर, कोंबड्या आणि कुत्री खातात.

निवृत्त_कृषीविस्तार

बेत चांगला आहे. दोन दुरुस्त्या सुचवतो. पहिली, वजन करण्यापूर्वी पिशवी पसरट घमेल्यात ओतून एका जाणत्या माणसाने पाहावी. बसक्या शंखाची गोगलगाय निघाली तर ती परत सोडावी आणि त्या पिशवीची मजुरी कापावी. पहिल्याच दिवशी दोघातिघांची कापली गेली की पुढे सगळे नीट पाहू लागतात. दुसरी, मिठाचे पाणी बादलीतच राहू द्यावे. ते शेतात किंवा ओढ्यात ओतू नये. पुरण्याचा खड्डा विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, उंचवट्यावर घ्यावा. एरवी पहिल्याच झडीत तो भरून वाहील. मोरचूदाबद्दल तुम्ही घेतलेला निर्णय बरोबर आहे. त्याचे द्रावण परसात भिंतीवर फवारतात, पण पाण्यात उतरले तर मासे आणि बेडकांच्या पिल्लांना ते घातक असते आणि तांबे मातीत साचत जाते.

गोळ्या पूर्णपणे वर्ज्य करा असे मी म्हणणार नाही. ज्याचे सोयाबीन दोन दलांवर आहे आणि एका रात्रीत चौथा भाग गेला आहे, त्याने आपल्या शेताच्या आत, बांधापासून दूर, उघडीप मिळालेल्या संध्याकाळी, कुत्री बांधून ठेवून, थोड्या प्रमाणात वापराव्यात. पण तो त्या शेतापुरता तातडीचा उपाय झाला. गावाची मोहीम म्हणून नको.

पालापाचोळा

मला यात रोपवाटिकेचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि बेतात तो अजून आलेला नाही. गोगलगाय स्वतःच्या पायाने एका हंगामात फार लांब जात नाही. ती कुंडीतल्या मातीतून, कलमांच्या पिशव्यांतून, शेणखताच्या आणि वाळूच्या ट्रॉलीतून, विटांच्या ढिगातून प्रवास करते. तुमच्या तालुक्यात काजूची कलमे दर पावसाळ्यात मोठ्या प्रमाणावर बाहेरून येतात. ग्रामसभेने एवढा ठराव करावा की गावात येणारे प्रत्येक रोप आधी गावाबाहेर एका सिमेंटच्या कट्ट्यावर उतरवले जाईल, पिशवीचा तळ आणि वरची बोटभर माती तपासली जाईल, आणि साबुदाण्यासारखी अंडी किंवा शंख आढळला तर ती खेप परत जाईल. सामाजिक वनीकरणाची रोपे आणि देवराईत लावण्यासाठी दान येणारी रोपेही यातून वगळू नयेत. देवराईत झाडे लावण्याचा उत्साह अलीकडे वाढला आहे, आणि परकी गोगलगाय थेट गाभ्यात नेऊन ठेवण्याचा त्याहून खात्रीचा मार्ग नाही.

मोजणीचेही सांगतो. देवराईच्या कडेने ठरावीक अंतरावर खुणेचे दगड ठरवा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला रात्री तेवढ्याच वेळात तिथे दिसलेल्या शंखी आणि बसक्या गोगलगायी वेगवेगळ्या लिहून ठेवा. जवळ नाणे ठेवून छायाचित्र काढा आणि आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर टाका. ओळख पटवायला तिथे जाणकार आहेत, मीही पाहीन. शंखी गोगलगाय ओढ्याच्या अलीकडे किती आणि पलीकडे किती, हे दोन आकडे पुढच्या ज्येष्ठात तुमच्या हाती असतील, तर गोळ्या कुठे टाकायच्या यावर वाद घालताना कोणालाही अंदाजाने बोलावे लागणार नाही.

पायथा_आजरा

कट्ट्याची सूचना पटली. एस. टी. थांब्याजवळ जुन्या दूध संकलनाची सिमेंटची जागा रिकामी आहे, ती वापरता येईल. काजूच्या कलमांची पहिली गाडी मृगाच्या आसपास येते, त्याआधी सभा घ्यायला सरपंचांना सांगतो आणि काय ठरले ते इथे कळवतो.